सिम्युलेशनमध्ये पिन बसते, सेलमध्ये अडते: ऑफलाइन प्रोग्राम दर वेळी टच-अप का मागतो?

तक्रार साधारण अशी असते. रोबोटने डॉवेल पिना बसवायच्या आहेत, म्हणून जॉबचं (ज्या भागात पिना बसवायच्या त्याचं) कॅड मॉडेल ऑफलाइन प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरला दिलं. त्याने भोकं ओळखली, जोडणीचा क्रम लावला आणि प्रत्येक डॉवेल पिनेसाठी वर येण्याचा, आत जाण्याचा व परतण्याचा पॉइंट आपोआप काढला. स्क्रीनवर सगळं सुरळीत. प्रोग्राम कंट्रोलरमध्ये टाकला आणि पहिलीच पिन भोकाच्या काठावर टेकली. मग कोणीतरी पेंडंट (रोबोट हाताने चालवायचा रिमोट) हातात घेतं, एकेक पॉइंट जॉग करून हलवतं आणि संध्याकाळपर्यंत लाइन चालू होते. पुढे कधीतरी डिझाइनवाले एखादा बॉस (जॉबवरचा उंचवटा) तीन मिमी सरकवतात, प्रोग्राम नव्याने तयार करावा लागतो, आणि हाताने केलेले सगळे टच-अप पुसले जातात. पुन्हा पेंडंट, पुन्हा तेच.

"ऑफलाइन प्रोग्रामिंग आपल्याकडे चालत नाही" हा निष्कर्ष इथूनच निघतो. तो मला पटत नाही. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बरोबर असतं. त्याला आपण दिलेली सेलची, म्हणजे रोबोट आणि त्याच्या भोवतीच्या मांडणीची, माहिती चुकीची असते. पॉइंट हलवला की ती चूक त्या एका पॉइंटापुरती झाकली जाते आणि पुढच्या वेळी परत वर येते. म्हणून पहिला नियम: कारण कळेपर्यंत एकही पॉइंट टच-अप करायचा नाही.

आधी आकडे लिहून काढा

टच-अपच्या जागी मोजणी करा. प्लेटच्या चार कोपऱ्यांजवळची चार भोकं आणि मधलं एक निवडा. प्रत्येकावर रोबोट प्रोग्रामप्रमाणे भोकाच्या वर, काठापासून एक-दोन मिमीवर थांबवा. तिथून पिन हाताने जॉग करून नेमकी बसेपर्यंत एक्स आणि वायमध्ये किती सरकवावी लागली ते कागदावर लिहा. पॉइंट सेव्ह करू नका. मग प्लेटचं साधं चित्र काढून प्रत्येक भोकावर त्या सरकण्याचा बाण काढा.

अर्ध्याहून जास्त निदान या चित्रातच होतं. सगळे बाण एकाच दिशेला, एकाच लांबीचे असतील तर बेस फ्रेमचं (जॉब कुठे आहे हे रोबोटला सांगणाऱ्या अक्षांचं) मूळ सरकलंय. एका बाजूला छोटे आणि लांब जाताना मोठे होत असतील, किंवा एखाद्या बिंदूभोवती फिरल्यासारखे दिसत असतील, तर फ्रेम थोडी फिरलेली आहे. टूल ज्या कोनात फिरवून रोबोट पिन बसवतो त्याप्रमाणे बाणाची दिशा बदलत असेल तर चूक टीसीपीमध्ये, म्हणजे रोबोटला सांगितलेल्या टूलच्या टोकाच्या जागेत, आहे. सगळे बाण मध्यापासून बाहेर पसरत असतील तर तापमानाकडे बघा. आणि कशाचा कशाला मेळ नसेल, त्याच भोकावर दुसऱ्या जॉबला वेगळाच आकडा येत असेल, तर रोबोटला हात लावू नका. जॉब धरणारं फिक्श्चर, क्लॅम्प, ग्रिपरची (पिन पकडणाऱ्या पंजाची) बोटं किंवा खुद्द जॉब तपासा. लोकेटरखाली, म्हणजे जॉब टेकतो तिथे, धातूची चिप अडकलेली सापडण्याचं प्रमाण इतकं आहे की मी लॅपटॉप उघडण्याआधी एअर गन मागतो.

कॅटलॉगमधला आकडा काय सांगतो

रोबोटच्या कॅटलॉगात ±०.०३ मिमी असं काहीतरी छापलेलं असतं आणि पर्चेसपासून प्लँट हेडपर्यंत सगळे ती रोबोटची अचूकता समजतात. आयएसओ ९२८३ प्रमाणे तो आकडा पुनरावृत्तीचा आहे: शिकवलेल्या जागी रोबोट पुन्हा पुन्हा किती जवळ येतो एवढंच तो सांगतो. "बेसपासून एक्स ८५०, वाय ३००" असा कोरा आकडा दिल्यावर तो प्रत्यक्षात कुठे पोचतो, हा वेगळा प्रश्न आहे. खास कॅलिब्रेशन न केलेल्या सहा अक्षांच्या रोबोटात तो फरक अर्धा-एक मिमी सहज असतो, मोठ्या रोबोटात त्याहून जास्त. आर्मची खरी लांबी, सांध्यांचे झिरो, गिअरबॉक्सचं लवचिकपण, सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

हाताने शिकवलेल्या प्रोग्रामात पहिला आकडा पुरतो, कारण पॉइंट मुळात खऱ्या जागेवर नेऊन घेतलेला असतो. आपोआप तयार झालेल्या प्रोग्रामात दुसरा लागतो, कारण पॉइंट कॅडमधून येतो. आता २० मिमीची पिन एच७/जी६ फिटमध्ये (भोक आणि पिनेच्या ठरलेल्या टॉलरन्सच्या जोडीत) घ्या. भोक २०.००० ते २०.०२१, पिन १९.९८० ते १९.९९३, मोकळी जागा ०.००७ ते ०.०४१ मिमी. अर्ध्या मिमीची चूक घेऊन या भोकात थेट शिरायची अपेक्षाच चुकीची आहे. चॅम्फर (भोकाच्या तोंडाची तिरकी कड), लवचिक ग्रिपर किंवा फोर्स सेन्सर यांपैकी कोणीतरी तो फरक पचवायला हवा. आणि त्यांच्या पचनाला मर्यादा असते, म्हणून आधी चूक कमी करायची.

टीसीपी: डायल लावा, डोळ्यावर जाऊ नका

चार बिंदूंच्या पद्धतीने टोकाला टोक लावून घेतलेला टीसीपी वेल्डिंगला चालून जातो. पिन बसवायला तो कच्चा आहे. तपासायची सोपी रीत: ग्रिपरमध्ये ग्राइंड केलेली सरळ मास्टर पिन पकडा, टेबलावर डायल इंडिकेटर मॅग्नेटिक स्टँडवर लावून त्याचं टोक पिनेला टेकवा, आणि टूलच्या झेड अक्षाभोवती रोबोट फिरवा. टीसीपी बरोबर असेल तर काटा हलत नाही. काटा एकूण जितका फिरेल त्याच्या निम्मी तुमची चूक.

हेच दोन उंचीवर करा, एकदा ग्रिपरजवळ आणि एकदा तिथून १०० मिमी खाली. दोन्ही ठिकाणी सारखंच वाचन आलं तर टूल फक्त बाजूला सरकलंय. खाली ०.४ मिमीने जास्त आलं तर पिन तिरकी आहे: १०० मिमीमध्ये ०.२ मिमी, म्हणजे ०.००२ रेडियन, साधारण ०.११ अंश. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो; खाली फिटचा हिशेब येईल तेव्हा तो किती महाग आहे ते दिसेल.

ग्रिपर फ्लँजच्या मध्यावर नसेल, तर या चाचणीत रोबोटचे बाकीचे अक्षही हलतात आणि त्यांची चूक वाचनात मिसळते. तरीही मोठा घोळ पकडायला ही चाचणी पुरते. टक्कर झाल्यावर, बोटं बदलल्यावर आणि ग्रिपर काढून परत बसवल्यावर ती करायलाच हवी. मेंटेनन्सने "तसाच बसवलाय, डॉवेलवर आहे" असं सांगितलं तरी.

बेस फ्रेम: तीन बिंदू लांब घ्या

इथली चूक मी सगळ्यात जास्त पाहतो. फिक्श्चर प्लेट ९०० मिमीची, पण फ्रेम शिकवताना हात पोचायला सोपे म्हणून तीन बिंदू एका कोपऱ्यात १५० मिमीच्या आत घेतलेले. डोळ्याने टोक जुळवताना ०.३ मिमी इकडेतिकडे झालं की १५० मिमीवर तो ०.००२ रेडियनचा कोन होतो, आणि ८०० मिमी लांबच्या भोकावर तीच चूक १.६ मिमी होऊन निघते. बिंदू प्लेटच्या टोकांना घेतले असते तर हाताची तेवढीच चूक तेवढीच राहिली असती.

त्यासाठी फिक्श्चरवरच, जॉब लावला तरी उघडे राहतील असे, तीन संदर्भ बुश किंवा डॉवेल टूलरूमकडून बसवून घ्या. त्यांच्या जागा सीएमएमवर (त्रिमितीय मोजमाप यंत्रावर) मोजा आणि ते मोजलेले आकडे सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलमध्ये टाका. ड्रॉइंगवरचे आकडे नकोत. फिक्श्चर बनवणाऱ्याने कितीही जीव ओतला असला तरी बनलेलं फिक्श्चर ड्रॉइंगपेक्षा थोडं वेगळंच असतं, आणि सॉफ्टवेअरला माहीत असलेला सेल हा बनलेलाच सेल असायला हवा.

एक गोष्ट क्रमाची: टीसीपी आधी, बेस नंतर. चुकीच्या टीसीपीने शिकवलेली फ्रेम ती चूक पोटात घेते. मग एकाच कोनातल्या पिना बरोबर बसतात आणि टूल ९० अंशांनी फिरलं की सगळं बिनसतं. तेव्हा लोक फ्रेम बदलतात, आधीच्या पिना बिघडतात, आणि दिवसभर रस्सीखेच चालते.

एकच पॉइंट बदलला, पण पाच भोकं बिघडली

हे गूढ वाटतं, पण याचं कारण ठरावीक आहे. सहा अक्षांचा रोबोट एकाच जागी, एकाच कोनात अनेक प्रकारे पोचू शकतो: कोपर वर किंवा खाली, मनगट सरळ किंवा उलटलेलं, सहावा अक्ष एक फेरा इकडे किंवा तिकडे. सॉफ्टवेअरला कागदावर हे सगळे पर्याय सारखेच. त्यामुळे प्रोग्राम पुन्हा तयार करताना ते सायकल टाइम वाचवायला किंवा टक्कर टाळायला वेगळा पर्याय निवडतं. खरा रोबोट मात्र प्रत्येक पर्यायात थोडा वेगळा चुकतो, कारण सांध्यांच्या झिरोतली चूक आणि आर्मचं वाकणं दर पर्यायात वेगळ्या दिशेला पडतं. म्हणून आधीचा टच-अप ज्या पर्यायासाठी होता तो पर्यायच राहिला नाही की जुनी दुरुस्ती निरुपयोगी ठरते.

उपाय: सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भोकासाठी आर्मचा पर्याय कायमचा बांधून टाका. रोबोटच्या कंपनीप्रमाणे त्याचं नाव वेगळं: कूकामध्ये तो स्टेटस आणि टर्नमध्ये दिसतो, एबीबीमध्ये कॉन्फिगरेशन डेटात, फानुकमध्ये पॉइंटसोबतच्या कॉन्फिग अक्षरांत. नवा प्रोग्राम आला की जुन्याशी फक्त ही माहिती ताडून बघा. दोन मिनिटांत कळतं की आज कुठे बोंब होणार आहे. याच कारणाने भोकावर उतरण्याआधीचा पॉइंट नेहमी एकाच बाजूने गाठायची सवय लावा, म्हणजे गिअरबॉक्समधला ढिलेपणाही दर वेळी एकाच अंगाला राहील. पाचवा अक्ष शून्याजवळ येत असेल तर सरळ रेषेतली चाल तिथे अडखळते. अशा वेळी जॉब किंवा ग्रिपर काही अंश फिरवून लावणं हा प्रोग्राममध्ये युक्त्या करण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

उभ्या पिना बरोबर, तिरक्या चुकीच्या

हे लक्षण दिसलं तर थेट पोस्ट-प्रोसेसरकडे, म्हणजे प्रोग्राम त्या कंपनीच्या रोबोटच्या भाषेत उतरवणाऱ्या भागाकडे, जा. टूलचा कोन लिहायची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. कूकाच्या ए-बी-सीमध्ये पहिला कोन झेडभोवतीचा, फानुकच्या डब्ल्यू-पी-आरमध्ये पहिला एक्सभोवतीचा. एबीबी चार आकड्यांचं क्वाटर्नियन वापरतं. युनिव्हर्सल रोबोट्समध्ये तीन आकड्यांचा रोटेशन व्हेक्टर असतो, तोही रेडियनमध्ये, आणि अंतर मीटरमध्ये. सरळ खाली बघणाऱ्या टूलमध्ये यातले बरेच घोळ लपून जातात. पिन १५ अंश तिरकी आली की बाहेर पडतात. सिम्युलेशनमध्ये काहीच दिसत नाही, कारण ते चित्र पोस्ट-प्रोसेसरच्या अलीकडचं असतं. मुद्दाम तिन्ही कोन वेगळे असलेला एक चाचणी पॉइंट तयार करा आणि कंट्रोलरच्या स्क्रीनवर टूल त्याच पवित्र्यात येतं का ते बघा.

भोकाचा अक्षच उलटा ओळखला जाणं हा याचाच भाऊबंद. आरपार भोकाला दोन तोंडं असतात. सॉफ्टवेअरने खालचं निवडलं तर पिन जॉबखालून येण्याचा प्रोग्राम बनतो. हा घोळ तरी स्क्रीनवर लगेच दिसतो, म्हणून फार छळत नाही.

टी१ मध्ये चालतं, ऑटोमध्ये अडतं

टी१ मध्ये, म्हणजे प्रोग्राम हळू चालवून बघायच्या मोडमध्ये, वेग २५० मिमी प्रति सेकंदाच्या वर जात नाही. तिथे ठीक आणि पूर्ण वेगात चूक असेल तर पॉइंटची जागा बरोबरच आहे. अडचण चालीत आहे. भोकावरचा पॉइंट गोलाई देऊन, म्हणजे फानुकच्या सीएनटीने किंवा एबीबीच्या झोनने पार केला जात असेल, तर पिन सरळ खाली उतरण्याऐवजी कोपरा कापत तिरकी येते. काही कंट्रोलरांत ही गोलाई वेगाप्रमाणे बदलते, त्यामुळे हळू चालवून काही सापडत नाही. भोकावरचा पॉइंट फाइनच, म्हणजे गोलाई न देता नेमका गाठायचा, ठेवा, आणि हे सॉफ्टवेअरच्या टेम्प्लेटमध्येच टाका, म्हणजे दर वेळी हाताने बदलावं लागणार नाही. ग्रिपरचंही तसंच. सिम्युलेशनमधला ग्रिपर शून्य सेकंदात उघडतो. तुमचा हवेवर चालतो, आणि दुपारी लाइनवरचं प्रेशर पडलं की आणखी उशीर लावतो. ठरावीक वेळ थांबण्यापेक्षा बोट उघडल्याचा सेन्सर वाचा.

पेलोड कंट्रोलरमध्ये टाकलाय का, हेही इथेच बघा. वजन आणि गुरुत्वमध्य चुकीचे असतील तर वेगात आर्म डोलतो आणि पिन पोचते तेव्हा ती अजून थरथरत असते.

सकाळी एक, दुपारी एक

पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पत्र्याच्या शेडमध्ये हात गारठतात आणि दुपारी तिथेच घाम येतो. १५ अंशांचा फरक धरा. अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, स्टील सुमारे १२. ६०० मिमीच्या अ‍ॅल्युमिनियम जॉबवर दुपारपर्यंत ०.२ मिमी वाढ होते, खालचं स्टीलचं फिक्श्चर ०.१ मिमीच वाढतं. शिवाय रोबोटचा आर्म मोटर आणि गिअरबॉक्सच्या उष्णतेने वेगळाच वाढतो. भोसरी-पिंपरीकडे गुरुवारी सुट्टी असते, म्हणून तिकडे ही तक्रार शुक्रवारी पहिल्या शिफ्टला येते आणि चहापर्यंत आपोआप मिटते. थंड रोबोटवर टच-अप केला की तो गरम झाल्यावर पुन्हा बिघडतो. शिफ्टच्या सुरुवातीला रिकामी वॉर्म-अप सायकल चालवा, फ्रेम गरम रोबोटवरच शिकवा, आणि दर ठरावीक जॉबनंतर संदर्भ बुशवर एक तपासणी ठेवा.

इतकं करूनही पिन अर्ध्यात फसते

आता भोक सापडतंय, पिन शिरतेय, पण आत जाऊन अडते. हा प्रश्न जागेचा राहिला नाही, कोनाचा झाला. लाकडी कपाटाचा खण एका बाजूने ओढला की तिरका होऊन अडतो, तीच ही गोष्ट. १९७०च्या दशकात अमेरिकेत केंब्रिजच्या ड्रेपर प्रयोगशाळेत डॅनियल व्हिटनी आणि सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं, आणि ते आजही शॉप फ्लोअरवर जसंच्या तसं वापरता येतं. मोकळी जागा भागिले व्यास, त्याला घर्षणांकाने भागा. पिनेचा तिरकेपणा या आकड्याच्या आत हवा. वरच्या २० मिमीच्या फिटमध्ये सरासरी मोकळी जागा ०.०२४ मिमी, घर्षणांक ०.२ धरला तर ०.००६ रेडियन, म्हणजे सुमारे ०.३४ अंश. पण सगळ्यात घट्ट जोडी आली, ०.००७ मिमीची, तर मर्यादा ०.१ अंश. टीसीपीची ती किरकोळ वाटणारी ०.११ अंशांची चूक हीच मर्यादा ओलांडते. दिवसाला काहीच पिना अडतात आणि बाकीच्या बसतात, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं: त्या जोड्या टॉलरन्सच्या घट्ट टोकाच्या.

अडल्यावर जोर वाढवू नका. ढकलण्याची दिशा चुकल्यामुळे अडलेली पिन दिशा बदलली की सुटते. पाचरीसारखी फसलेली पिन जोराने आणखी फसते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरला ओरखडा पडतो. प्रोग्रामने बल मर्यादेबाहेर गेल्यावर पिन काही मिमी मागे घ्यावी, कोन सैल सोडावा आणि पुन्हा यावं.

त्याच प्रयोगशाळेतून रिमोट सेंटर कम्प्लायन्स हे उपकरण निघालं. रोबोट आणि ग्रिपर यांच्यामध्ये बसणारी ही लवचिक रचना अशी असते की पिनेच्या टोकावर बाजूने बल आलं तर ती न कलंडता सरकते आणि टोकावर वळवणारं बल आलं तर न सरकता वळते. वीज नाही, सॉफ्टवेअर नाही. चॅम्फर चांगला असेल आणि पिना वरून खालीच बसवायच्या असतील, तर फोर्स सेन्सरवर पैसे घालण्याआधी मी हेच सुचवीन. सगळ्या पिना उभ्याच असतील तर सहा अक्षांचा रोबोट हवाच का, हाही प्रश्न विचारावा. जपानच्या यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८ च्या सुमाराला स्कारा रोबोट घडवला तोच मुळी आडव्या दिशेने सैल आणि उभ्या दिशेने ताठ, अशा जोडणीसाठी.

फोर्स सेन्सर असेल तर तीन गोष्टी सांभाळा. सेन्सरचा शून्य पिन पकडल्यानंतर, त्याच कोनात, हवेत असताना घ्या. नाहीतर पिनेचं आणि ग्रिपरचं वजनच त्याला स्पर्श वाटतं. गोल फिरत भोक शोधताना दोन वेढ्यांमधलं अंतर चॅम्फर जितकं ओढून घेतो त्यावरून ठरवा: अर्ध्या मिमीच्या चॅम्फरला ०.६ ते ०.८ मिमी चालतं. चॅम्फरच नसेल तर अंतर मोकळ्या जागेएवढं बारीक लागतं आणि सायकल टाइम हाताबाहेर जातो. आणि किती सरकल्यावर भोक सापडलं तो आकडा दर पिनेला नोंदवून ठेवा. सुरुवातीचे बाण तुम्ही हाताने काढले होते; आता सेल स्वतःच दर सायकलला ते काढून देतो. ते हळूहळू एका दिशेला सरकू लागले की पिन अडायच्या आधीच फ्रेम तपासायला घ्या.

कॅडवरून आपोआप प्रोग्राम काढण्याचा खटाटोप जुना आहे. आयबीएमची ऑटोपास भाषा आणि एडिनबर्गची रॅप्ट १९७०च्या दशकातल्या. १९८४ साली लोझानो-पेरेझ, मेसन आणि टेलर या संशोधकांनी जागेतली अनिश्चितता गृहीत धरूनच बारीक चाली आपोआप कशा रचायच्या हे मांडलं. आजही बाजारातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये भूमिती छान असते आणि अनिश्चितता तुमच्यावर सोडलेली असते.

टीसीपी, बेस, आर्मचा पर्याय आणि तापमान सगळं तपासूनही बाण रोबोटच्या पोचेप्रमाणे, जवळ एक आणि लांब एक, असे बदलतच राहिले तर मास्टरिंग (सांध्यांचे झिरो लावणं) संशयित आहे. विशेषतः मोटर किंवा एन्कोडरची बॅटरी बदलल्यानंतर. मास्टरिंग शॉप फ्लोअरवर अंदाजाने रेघा जुळवून करू नका. कंपनीचं साधन आणि माणूस बोलवा. त्यानंतर टीसीपी आणि बेस दोन्ही पुन्हा घ्यावे लागतील आणि हाताने शिकवलेले जुने प्रोग्रामही हलतील, म्हणून हे काम लाइन बंद असतानाच्या शटडाउनमध्ये धरा. त्या माणसाला पाच बाणांचं चित्र, डायलची दोन्ही वाचनं आणि ती कोणत्या तापमानाला घेतली ते द्या; नुसतं "पॉइंट हलतात" सांगितलंत तर तोही टच-अपच करून जाईल.